दगडोबा दाराशी थांबतो

आजारी माणसाच्या खोलीलाही दार असतं, हे लोक विसरतात. आईला लकवा मारल्यापासून मी हे रोज पाहते आहे. शेजारच्या काकू येतात, चपला बाहेर काढतात आणि सरळ आत. गावाकडचे नातेवाईक येतात, तेही सरळ आत. पलंगापाशी उभे राहून तिच्याकडे हात करत मला विचारतात, "जेवते का? ओळखते का?" जणू ती तिथे नाहीच. मी चहा ठेवते, कारण आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवायचं नाही हे तिनेच शिकवलं आहे. पण त्यात साखर कमी टाकते. तेवढाच माझा सूड.

आईचं उजवं अंग गेलं आणि त्याच सकाळी बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही. तिला समजतं किती, तेही नक्की सांगता येत नाही, तुम्ही बोलत राहा. मी शाळेत भूगोल शिकवते. बोलणं हाच माझा धंदा, त्यामुळे बोलत राहणं मला कठीण नाही. शाळेतून आले आणि दिवसभर तिच्यापाशी बसणारी बाई घरी गेली, की मी तिला सगळं सांगते. कोणत्या पोराने नकाशात वर्धा नदी उलटी वाहवली, सेलूच्या बाजारात वांगी कशी आली आहेत, कोणाच्या मुलीचं जमलं. ती खिडकीच्या जाळीकडे पाहत असते. कधी माझ्याकडे पाहते, आणि मग मला वाटतं, समजलं. पुढच्याच क्षणी नजर परत जाळीवर जाते आणि मला वाटतं, छे.

माझ्या फोनमध्ये आईच्या आवाजाचा एकच संदेश आहे. आजारपणाच्या थोडं आधी तिने पाठवलेला. "येतानी भाजी घेऊन येजो. सांबार इसरू नको, मांगच्या वेळेसारखी." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बस, एवढंच. बाकी सगळी वर्षं ती समोर बोलत होती, त्यामुळे साठवून ठेवायचं कोणाला सुचलंच नाही. हा कोथिंबिरीचा संदेश मी शाळेच्या स्टाफरूममध्ये कानाला लावून ऐकते. बाकीच्या बाईंना वाटतं, माझं कोणाशी तरी महत्त्वाचं बोलणं चाललं आहे. एका अर्थी ते खरंच आहे. मला तिचा आवाज हवा आहे. ती चालू लागली नाही तरी चालेल, उजवा हात तसाच राहिला तरी चालेल. एकदा मला रागावली तरी पुरे.

मे महिन्यात दादा आला. तो पुण्याला नोकरी करतो आणि सुट्टी काढून दरवर्षी उन्हाळ्यात येतो. लोक उन्हाळ्यात आमच्या भागातून पळून जातात, तो येतो, हे त्याचं मी मानते. पण या वेळी तो काहीतरी ठरवून आला होता. नागपूरला अशा रुग्णांना ठेवून घेणारी एक जागा त्याने पाहून ठेवली होती. स्वच्छ, चांगली, चोवीस तास माणसं. जेवताना त्याने विषय काढला.

"तू शाळेत जातं, मांगं ती बाई तिले पाहते. ती बाई सिरियल पाहते का आईले पाहते, कोनाले मालूम?"

"मंग? मी नोकरी सोडू का?"

"तसं नाई म्हनत मी. तुह्याच्यासाठी म्हनून राह्यलो. तिले आता काय समजते? इथं काय अन् तिथं काय, तिच्यासाठी सारखंच हाये."

मी पोळी तव्यावर जाळली. जाळली म्हणजे विसरले नव्हते, मुद्दाम जाळली आणि त्यालाच वाढली. त्याने ती निमूटपणे खाल्ली, त्यामुळे मला आणखी राग आला. कारण मनातून मला माहीत होतं की त्याचं चुकत नाही. आई आत नसेलच, तर मी कोणाशी बोलते आहे? खिडकीच्या जाळीशी? आणि ती आत असेल, तर तिला अनोळखी खाटेवर नेऊन ठेवणारे आम्ही कोण? एवढा एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर जिच्याकडे होतं ती बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या पलंगावरची चादर बदलायची होती. धुतलेली काढायला दादाने बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाची फळी उचलली आणि चादरींच्या तळातून एक पिशवी निघाली. त्यात आमचा जुना गेम होता. काळं मशीन, गुंडाळलेल्या वायरी, दोन रिमोट. ज्याला आता पोरं कंट्रोलर म्हणतात, त्याला आम्ही रिमोटच म्हणायचो. आणि मशीनच्या पोटात तीच एक सीडी.

दादा जमिनीवर बसला. चाळिशीच्या पुढचा, पोट सुटलेला माणूस, ती पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "अबे, घोरपड!"

लहानपणी आम्ही आष्टीला होतो. बाबा एसटीत कंडक्टर, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही तिघंच. नागपूरच्या मामाने त्याच्या मुलाला नवं मशीन आणलं आणि जुनं आमच्या घरी आलं. सीडी एकच, कव्हर नाही, माहितीपुस्तक नाही. गेम राक्षसांचा होता. समुद्राकाठी एक परदेशी शहर, काचेच्या उंच इमारती, एक लांब पूल, काडेपेटीएवढ्या मोटारी. आपण राक्षस व्हायचं आणि घड्याळ संपायच्या आत ते शहर पाडून सपाट करायचं. झालं की दुसरं शहर मिळणार, तिथे हेच. सभ्य माणसाला सांगण्यासारखा गेम नव्हता. आम्हाला वेड लागलं.

राक्षसांची नावं इंग्रजीत होती, आम्ही ती ठेवली नाहीत. पाठीवर काटे असलेला, शेपटीने वार करणारा, त्याला आम्ही घोरपड म्हणायचो. तो दादाचा. शिंगं असलेला, डोकं खाली घालून धावणारा, तो हेला. आमच्याकडे रेड्याला हेला म्हणतात. तो माझा, आणि तो मला शोभतो असं दादाचं मत होतं. तिसरा नुसत्या दगडांचा होता. भयंकर सावकाश चालायचा, तो कोणालाच नको होता. त्याचं नाव दगडोबा.

आई उपकेंद्राची नर्सबाई होती. पहिल्या दिवशी ती ड्युटीवरून आली, लसींचा डबा ओट्यावर ठेवला आणि पाणी पीत पीत टीव्हीसमोर उभी राहिली.

"काय करून राह्यला रे?"

"बिल्डिंग पाडून राह्यलो. मी घोरपड हाओ, आई."

"अन् आतली मानसं?"

दादा गोंधळला. "आई, गेम हाये ना तो."

"हो, गेम हाये. पन आधी आवाज तं दे. लोकं जेवत असतीन."

तिचा चेहरा इतका साधा होता की ती गंमत करते आहे की खरंच सांगते आहे, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

हे तिचं वेड नोकरीतून आलेलं होतं. तिच्या भागात जंगलाच्या कडेला काही वस्त्या होत्या, गोंड लोकांच्या. नोकरीला नवी असताना ती तिथल्या एका अंगणात कुंपणाच्या फटीतून सरळ शिरली. अंगणात एक म्हातारी मोहफुलं वाळवत बसली होती. तिने आईकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. आई बोलते आहे, ही बोलत नाही. शेवटी आई परत कुंपणाबाहेर गेली, तिथून हाक मारली, आणि मग म्हातारी वळून हसली, बस म्हणाली, वर मोहफुलं खायला दिली. आई ही गोष्ट स्वतःवर हसत सांगायची. त्या दिवसापासून तिने नियमच केला. घर पाटलाचं असो की मजुराचं, बाहेरून हाक मारायची आणि थांबायचं. किती थांबायचं, याचंही तिचं माप होतं. मांडीवरचं लेकरू खाली ठेवून बाई दारापर्यंत येईल, इतकं. मी सुट्टीत तिच्याबरोबर जायचे तेव्हा ते थांबणं मला असह्य व्हायचं. उन्हात उभं राहून ती आरामात छत्रीची काडी नीट करत बसायची.

तर आमच्या गेममध्येही हा नियम लागू झाला. इमारतीसमोर राक्षस उभा करायचा आणि आपण तोंडाने ओरडायचं, "अवो बिल्डिंगवाले! हाये का कोनी? या बाहेर!" मग मांडीवरचं लेकरू खाली ठेवण्याएवढं थांबायचं. मग मारायचं. आई स्वयंपाकघरात असली तरी तिचे कान बाहेर असायचे. हाक ऐकू न येता नुसता ढिगाऱ्याचा आवाज आला की आतून विचारणा व्हायची, "काहो घोरपडसाहेब, तोंड नाई का तुमाले?"

वर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असायचं. शहरात इमारती किती, आणि आम्ही एकेका दारात उभे. अर्धं शहर पडायच्या आत वेळ संपायची आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची. त्यात लोडशेडिंग. कधी चांगली गती घेतलेली असायची आणि लाइन जायची. आणि मामाने मेमरी कार्ड दिलंच नव्हतं, त्यामुळे लाइन आली की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी पाडलेलं शहर संध्याकाळी जसंच्या तसं उभं, पूल जागेवर, मोटारी चालू. दुसरं शहर कसं आहे ते आम्ही कधी पाहिलंच नाही. गल्लीतल्या पोरांमध्ये त्यावर वाद होते. कोणी म्हणे तिथे वाळवंट आहे, कोणी म्हणे ते मुंबईच आहे.

गल्लीतली पोरंही आमच्या घरी खेळायला येत आणि त्यांनाही हाक सक्तीची होती. एकदा पाचसहा पोरांनी मिळून इतक्या जोरात "या बाहेर!" केलं की समोरच्या घरातल्या काकू हातातली पळी तशीच घेऊन खरंच बाहेर आल्या. कोणी बोलावलं म्हणून विचारू लागल्या. आईने त्यांना आत घेतलं, चहा दिला, आणि त्यांनाही पूल पाडून दाखवला.

हो, आई खेळायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी, जेवणं झाल्यावर. खिडक्यांना ओल्या चादरी, कुलर सुरू, आणि कुलरची हवा आम्हाला नाही, मशीनला. ते तापून बंद पडायचं म्हणून त्याला कुलरच्या पुढ्यात ठेवलेलं, आणि आम्ही घामाघूम. दादा शिकवणीला गेला की आई त्याचा रिमोट घ्यायची. ती दगडोबाच निवडायची. "हा बरा हाये. माह्यासारखा चालते." समोरची चार बटणं तिला जमायची नाहीत. डाव्या अंगठ्याने दगडोबा चालवायचा आणि डाव्याच हाताच्या बोटाखाली मागे एक बटण असतं, तेवढं दाबायचं. उजवा हात मोकळा. त्या हाताने ती चहात गोरसपाक, म्हणजे आमचं वर्ध्याचं बिस्किट, बुडवून खायची. गोरसपाकचा तुकडा चहात पडला की दगडोबा दारात ताटकळत उभा, आणि मी चिडायचे, आई, घड्याळ! ती म्हणायची, "पळू दे त्याले. त्याची बस सुटून राह्यली असन."

त्या दुपारी संपतील असं मला कधी वाटलं नाही. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं, मी फक्त हेला घेऊन पुढे पळत होते आणि मागून आईची हाक येत होती, प्रत्येक इमारतीला वेगळी. काचेच्या इमारतीला "अवो सायेब." बुटक्या घरांना "अवो माय." ती मनापासून हाक मारायची. आवाज फार मोठा नाही, पण कुंपणापासून अंगण ओलांडून घरात पोचेल असा. मी आता वर्गात चाळीस पोरांपुढे ओरडते, पण तो आवाज मला काढता येत नाही.

मग दादा इंजिनिअरिंगला गेला. मी डीएड केलं, मग बीएड. घरात फोन आले. मशीन कधी बंद झालं, शेवटचा डाव कोणी खेळला, आठवत नाही. बाबा गेले, आई निवृत्त झाली, आणि मला सेलूला शाळा मिळाली तेव्हा ती माझ्याकडे आली. सामानात ती पिशवी तिनेच भरली असणार.

तर दादाने मशीन पुसलं, सीडी बनियनने पुसली, वायरींची तीन रंगांची टोकं टीव्हीच्या मागे खोचली. चित्र लागलं. आधी आडवं-तिडवं, मग नीट. आईच्या खोलीतच आम्ही हे केलं, कारण कुलर तिथेच आहे, आणि मशीन आपोआप त्याच्या पुढ्यात गेलं. तिला उशांना टेकवून बसवलं होतं. ती जाळीकडे पाहत होती.

शहर तसंच होतं. एका मोटारीचाही रंग बदललेला नव्हता. इतक्या वर्षांत आमचं काय काय पडलं, आणि हे बघा, पूल जागेवर. मला त्या शहराचा हेवा वाटला.

दादाने घोरपड घेतली, मी हेला. आणि दादा सुटला. त्याने पुण्यात त्याच्या मुलाबरोबर खेळून हात तयार केलेला दिसत होता. धडाधड शेपटी फिरत होती. हाक नाही, थांबणं नाही. मला काही बोलायला वेळच मिळाला नाही. घड्याळात भरपूर वेळ शिल्लक असताना शेवटची इमारत पडली, वाद्यं वाजली, आणि पडद्यावर दुसरं शहर आलं.

बर्फाचं होतं. पांढरी छपरं, निळसर रस्ते, आणि वरून भुरभुर बर्फ पडत होता. बाहेर वर्ध्याचं ऊन कौलं फोडत होतं.

"बर्फ हाये बे," दादा म्हणाला.

"हो."

"इतकं सोपं होतं हे?"

आम्ही दोघं ते शहर नुसतं पाहत बसलो. त्याने घोरपड हलवलीसुद्धा नाही. वेळ संपली, लाल अक्षरं आली, आणि कार्ड नसल्यामुळे खेळ पुन्हा पहिल्या शहरावर येऊन थांबला. दादाने रिमोट खाली ठेवला आणि डोळे पुसले. घाम आहे असं दाखवलं, मीही तसं मानलं.

मी तो रिमोट उचलला आणि आईच्या डाव्या हातात दिला.

"काऊन तरास देऊन राह्यली तिले?" दादा म्हणाला.

"राहू दे. दगडोबा लाव."

त्याने दगडोबा लावला. मी हेला घेतला. आईचा अंगठा त्या गोल मुठीवर होता, पण तो मीच तिथे ठेवला होता, म्हणून त्याला काही अर्थ नव्हता. दगडोबा बराच वेळ रस्त्याच्या मध्ये उभा राहिला. मग वळला. भिंतीला धडकला, परत वळला. फिजिओवाल्या मॅडम सांगतात की हात आपोआपही हलतो, लगेच आशा लावू नका. मी लावली नाही. दगडोबा आपल्या त्या संथ चालीने एका बुटक्या घराजवळ गेला आणि थांबला.

"मार, आई," दादा म्हणाला. "मांगचं बटन. दाब."

काही नाही. आईची नजर पडद्यावर होती, एवढंच मी पाहिलं. घड्याळ पळत होतं.

"दाब ना, आई." मग माझ्याकडे वळून तो हळू म्हणाला, "पाह्यलं? नाई समजत तिले." त्याच्या बोलण्यात विजय नव्हता, उलट आवाज चिरका झाला होता. तिचं बोट धरून बटण दाबायला त्याने हात पुढे केला, आणि तो हात पोचायच्या आत घर पडलं.

दगडोबा वळला. शेजारच्या घरापाशी गेला. थांबला. तसाच. दादाचा हात हवेत. मग मार बसला.

तिसरी इमारत काचेची होती. दगडोबा तिच्या दाराशी आला आणि उभा राहिला, आणि मला ते माप ओळखू आलं. इतक्या अंगणांबाहेर, इतक्या उन्हात, मी त्या थांबण्याला कंटाळले होते, ते मला कसं ओळखू येणार नाही? मांडीवरचं लेकरू खाली ठेवायचं. पदर सावरायचा. दारापर्यंत यायचं. ती अडली नव्हती. मनातल्या मनात हाक मारून झाली होती आणि ती थांबली होती.

मला रडू यायला हवं होतं, आधी राग आला. म्हणजे ही इथेच होती. काकू आल्या, गावाकडच्या बायका आल्या, बोट दाखवून "ओळखते का" विचारून गेल्या, आम्ही तिच्यासमोर नागपूरचं बोललो, आणि ही सगळं ऐकत आत बसून होती. मग राग गेला आणि मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण तिचा डाव चालू होता.

दादालाही कळलं होतं. तो पलंगाला टेकून खाली बसला होता, आईकडे पाठ, पडद्याकडे तोंड. दगडोबा पुढच्या घरापाशी गेला तेव्हा त्याने घसा खाकरला.

"अवो बिल्डिंगवाले," तो म्हणाला. आवाज फुटला नाही नीट. त्याने पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोठ्याने, पार गल्लीत ऐकू जाईल असं. "अवो बिल्डिंगवाले! हाये का कोनी? या बाहेर!"

दगडोबा थांबला, जेवढं थांबायचं तेवढं. मग घर पडलं. आईच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. त्याला हसणं म्हणायचं की नाही ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

मग आम्ही तिघंही खेळलो. म्हणजे खेळली आई, आणि हाका आम्ही दोघांनी मारल्या, आळीपाळीने. "अवो सायेब." "अवो माय." मी आईसारखा आवाज काढायचा प्रयत्न केला आणि तो भलताच निघाला, दादा हसला. घड्याळ संपलं तेव्हा जेमतेम एक रस्ता झाला होता. बाकी सगळं शहर उभं. लाल अक्षरं आली.

"हरलो बे," दादा म्हणाला, आणि त्याने पुन्हा सुरू केलं.

नागपूरच्या जागेचं मग कोणी काढलं नाही. संध्याकाळी तो फोनवर कोणाला तरी "नाही, राहू द्या, आमचं आम्ही पाहतो" असं म्हणत होता, ते मी ऐकलं. जेवताना मी त्याला चांगली फुगलेली पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईचा चहा स्वतः केला आणि कप घेऊन तिच्या खोलीकडे गेला. दाराला पडदा आहे. तो पडद्याबाहेर थांबला.

"आई," तो म्हणाला, "येऊ का आत?"

मी ओट्यापाशी सांबार निवडत होते, तिथून मला त्याची पाठ दिसत होती. आतून ती काही बोलली नाही. ती अजूनही बोललेली नाही, आणि मी अजूनही फोन कानाला लावून तोच कोथिंबिरीचा संदेश ऐकते. पण दादाने पाय पुढे टाकला नाही. तो तसाच उभा राहिला, चहावर साय धरेपर्यंत. मग आतून लोखंडी पलंगाच्या दांडीवर बोटाने टक-टक झालं, आणि तो पडदा सारून आत गेला.